गाडी ठंडी कर

संतराम शेटच्या हिंगोलीच्या जिनात थावरा आला तो कापसाचे बोजे उचलायला. साल एकतीस असावं. वारंग्याजवळच्या तांड्यातला गडी. उंच, पाठ रुंद, बोलणं कमी. त्याच्या आज्याकडं दीडशे बैल होते आणि पाठीवर मीठ, धान्य लादून ते मुलूखभर फिरत. रेल्वे आली, सडका झाल्या, बैल गेले. ज्या चाकानं आज्याचं पोट मारलं तेच चाक नातू पुसत बसला, असं पुढं लोक गमतीनं म्हणत. थावराला त्यात गंमत दिसत नसे.

पुसण्याचं काम त्याला मिळालं ते बत्तीस साली. शेटनं सहा सिलिंडरची अमेरिकन मोटर घेतली आणि इस्माईलला ड्रायव्हर ठेवलं. इस्माईलचा बाप हिंगोलीच्या छावणीत घोड्यांचा मोतद्दार होता. छावणी उठली, घोडे गेले, पण बापाचं शहाणपण लेकानं मोटरीला लावलं. क्लिनर म्हणून कुणाला घ्यावं, असं शेटनं विचारलं तेव्हा इस्माईलनं बोजे उचलणाऱ्यांची रांग बघितली आणि थावराकडं बोट दाखवलं.

"काहून हाच?" शेट म्हणाले.

"बोजा खाली ठेवताना बघा. बाकीचे टाकतात, ये रखता है."

पहिल्या दिवशी थावरानं बादलीभर पाणी आणलं. इस्माईलनं ती बादली त्याच्यासमोर उपडी केली.

"धावून आलेला घोडा पाहिलायस का कधी?"

"बैल पाहिलाय."

"घामेजल्या बैलावर थंड पाणी मारतोस?"

"न्हाई. आखडतो. कधी कधी मरतो."

"इंजन बी तसंच. बिडाचं लोखंड हाय. गरम असताना पाणी मारलं का तडकतं. पहिलं काम धुणं नव्हं. पहिलं काम, गाडी ठंडी करना. बैठ."

दोघं तासभर बसले. इंजिनातून टिक टिक आवाज येत होता, तो बंद पडेपर्यंत इस्माईलनं त्याला उठू दिलं नाही. मग बानेटच्या दोन्ही बाजूंच्या झडपा उघडून त्यानं उलटा तळहात लोखंडाजवळ नेला. "तळव्याला घट्टे हायेत, त्याला कळत नाही. उलट्या हाताला कळतं."

पुढची कामं थावरानं एकेक करून उचलली. आधी बॅटरीची तार सोडायची. ओल्या हातातला पाना बॅटरीच्या दोन्ही टोकांना टेकला तर ठिणगी उडते, आणि रॉकेलला ठिणगी पुरते. कार्बोरेटरच्या तोंडाला तेलकट फडकं बांधायचं. डायनामो आणि करंट वाटणारी काळी टोपी मेणकापडात गुंडाळायची. चिकटलेला मळ बांबूच्या कामटीनं खरवडायचा, लोखंडानं नाही, कारण लोखंड तारा सोलतं. मग कुंचल्यानं रॉकेल, वरून खाली. पेट्रोल कधीच नाही. मग रिठ्याचं कोमट पाणी, तेही तांब्यानं, लागेल तेवढंच. शेवटी जिनातला रद्दी कापूस घेऊन सांधेन् सांधे कोरडे करायचे. बोळे मोजून आत न्यायचे आणि मोजून बाहेर काढायचे, नाहीतर एखादा पंख्यात सापडतो. दहा हातांच्या आत बिडी ओढायची नाही. सगळं वाळल्याशिवाय तार जोडायची नाही.

या कामाला अडीच तास लागत. शेटच्या घरचे लोक म्हणत, "अरे, आत कोण बघतंय? वरून चमकव ना." थावरा वरूनही चमकवी, पण अडीच तासांतली पाच मिनिटं कमी करत नसे. सात वर्षांत मोटर एकदाही रस्त्यात पेटली नाही, तारेनं बंद पडली नाही. त्याचं नाव कुणी घेतलं नाही. न पेटलेल्या गाडीचं नाव कोण घेतो?

चाकावर बसायचं त्याच्या मनात कधी आलं, ते त्यालाही सांगता आलं नसतं. क्लिनरची जागा मागच्या पायरीवर, धुळीत. तांड्यातले त्याला "चिंधीवाला" म्हणत. इस्माईलनं मात्र त्याला चालवायला शिकवलं, आधी जिनाच्या आवारात, मग कळमनुरीच्या सडकेवर, शेट उठायच्या आत. दोन वर्षांत त्याचा हात बसला. मग शेटनं लॉरी घ्यायचं ठरवलं. गठाणी स्टेशनवर नेण्यासाठी लॉरीवर इस्माईल आणि मोटरीवर थावरा, असं शेट चार लोकांत बोलले. तोंडाचा शब्द होता, पण चार लोकांत होता.

त्याची बायको मंजुळाबाई त्या दिवशी हसली. ती फार हसणारी नव्हती.

"चाकावर बसलास की पैल्यांदा मला वारंग्यापत्तुर न्यायचं. जावा बघतील."

"शेटची गाडी हाय. माझ्या बापाची न्हाई."

"मग हॉरन तरी वाजव आमच्या तांड्यापाशी."

"वाजवीन."

लायसन देणारा इन्स्पेक्टर परभणीहून वर्षातून एकदा यायचा आणि डाकबंगल्यावर उतरायचा. एकोणचाळीसच्या मार्चात तो आला. मोहरम होऊन पंधरा दिवस झाले होते. थावराला चार वाजता मोटर घेऊन जायचं होतं. शेटनं शिफारशीची चिठ्ठी दिली होती. ती उर्दूत होती, थावराला वाचता येत नव्हती, म्हणून त्यानं ती पागोट्यात जपून ठेवली होती. इन्स्पेक्टर आधी बानेट उघडून बघतो, असं इस्माईलनं सांगितलं होतं. थावराला त्याची भीती नव्हती. उलट, तो बघावा असंच त्याला वाटत होतं.

त्या दिवशी सकाळी शेटचे पाहुणे औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेले होते. मोटर एकला परत आली ती उकळत. सात माणसं भरली होती, ऊन होतं, रेडिएटरमधलं पाणी अर्धं उडालं होतं. इंजिनावर धूळ आणि तेल मिळून काळा लगदा बसला होता. थावरानं झडपा उघडल्या, तार सोडली. तीन तास हातात होते. तासभर निवायला, दीड तास कामाला. अर्धा तास वर.

तेवढ्यात शेट आले. "थावऱ्या, ठाण्यातून चालचलनीची चिठ्ठी आणलीस का?"

"ती लागती व्हय?"

"तांड्यातल्या माणसाला लागते. इन्स्पेक्टरनं निरोप धाडलाय. जा पळ, ठाण्यात माझं नाव सांग."

इस्माईल घरी जेवायला गेला होता. जिनात फकीर होता, म्हातारा भिश्ती, रोज कातड्याच्या मशकीनं हौद भरायचा. साधा माणूस, सांगितलेलं काम पुरं करायचा. थावराला तो आवडायचा त्याचसाठी.

"फकीरचाचा, दोन मशका पाणी इथं आणून ठेवा. गाडी ठंडी करायची हाय. मी येतोच ठाण्यातून."

"ठंडी करायची? हौ, उसमें क्या. तुम जाव."

थावरा मराठीत बोलला असता तर "निवू दे" म्हणाला असता. पण फकीरशी बोलताना तो त्याच्या बोलीतला शब्द घ्यायचा, बरं दिसतं म्हणून. आणि हा शब्द त्यानं शिकला होता इस्माईलकडून, मोटरीच्या शेडमध्ये. शेडमध्ये त्याचा अर्थ एकच होता: हात न लावता बसणं. फकीर शेडमधला नव्हता. तो दर मोहरमला आपल्या मोहल्ल्याची सवारी, म्हणजे मोहरमचा पंजा, खांद्यावर घेऊन कयाधू नदीवर जायचा, आणि सवारी ठंडी करणं म्हणजे तिला पाण्यात नेणं. हिंगोलीत हे लहान लेकराला सुद्धा ठाऊक होतं. थावरालाही ठाऊक होतं. तो काठावर उभा राहून दर साली बघायचा.

ठाण्यात जमादार होता.

"कुठला?"

"वारंग्याकडचा. संतराम शेटच्या जिनात हाय."

"गाव विचारलं न्हाई. जात?"

"तांड्यातला."

"मग उभा ऱ्हा तिकडं. वही काढावी लागंल."

थावरा उन्हात उभा राहिला. त्याच्या मागून आलेले तिघं चिठ्ठ्या घेऊन गेले. वहीत तांड्यातल्या सगळ्या माणसांची नावं होती, चोरी केलेल्यांची आणि न केलेल्यांची सारखीच. जमादार एकेक नाव बोटानं खाली सरकवत होता, मध्येच विडा लावत होता. दीड तास गेला. चिठ्ठी हातात पडली तेव्हा तो धावत निघाला.

शेडच्या दारातून पाण्याचा ओघळ बाहेर येत होता.

फकीर आत उभा होता, कमरेपर्यंत भिजलेला, पायतणं बाहेर काढून ठेवलेली. चार मशका रिकाम्या झाल्या होत्या. थावरानं दोनच सांगितल्या होत्या. कामात कसूर नको म्हणून त्यानं दोन वर आणल्या होत्या.

"देखो," फकीर म्हणाला, "कैसी ठंडी पडी. पहले बहुत चिल्लाई. बिस्मिल्ला बोलके ऊपरसे धीरे धीरे डाला. एकदा टण् करके आवाज बी दी."

थावरानं उलटा हात आत घातला. लोखंड गार होतं. बोट फिरवत तो सिलिंडरच्या बाजूला आला आणि थांबला. भेग केसाएवढी होती, वीतभर लांब. तिच्यातून पाणी पाझरत होतं.

"क्या हुआ?" फकीर म्हणाला.

"काय न्हाई, चाचा. तुमी बाजूला बसा."

इस्माईल आला. त्यानं भेग बघितली, टोपी काढली आणि परत घातली. मग शेट आले.

"कुणी केलं हे?"

फकीरला अजून कळलं नव्हतं काय झालं ते. एवढंच कळलं होतं की काहीतरी झालं. "थावरा बोल्या गाडी ठंडी कर. मैं किया."

"बोललास?" शेटनं विचारलं.

थावरापुढं दोन रस्ते होते. म्हातारा ऐकत नाही, त्याला कमी कळतं, एवढं म्हटलं असतं तरी शेट फकीरवर घसरले असते. पण फकीर जे सांगत होता ते अक्षरन् अक्षर खरं होतं.

"व्हय. बोललो."

"काय बोललास?"

"गाडी ठंडी करायची हाय, म्हणलो. पाणी आणून ठेवा, म्हणलो."

"मग त्याचं काय चुकलं?"

"न्हाई चुकलं."

इस्माईल पुढं झाला. "शेटजी, हमारे में ठंडी करना बोले तो... उस्का मतलब..."

"मला मतलब सांगू नको. पाणी आण म्हणायचं, ठंडी कर म्हणायचं, आणि निघून जायचं! ज्याला एक हुकूम नीट देता येत न्हाई त्याच्या हाती माझी लेकरं बसवू व्हय? काढ ती चिठ्ठी."

थावरानं पागोटं सोडलं. चिठ्ठी घामानं ओली झाली होती. शेटनं ती फाडली नाही. घडी करून कोटाच्या खिशात ठेवली. ठाण्यातली चिठ्ठी थावराच्या हातातच राहिली. ती कुणी मागितली नाही.

दुसऱ्या दिवसापासून जिनात दुसरा भिश्ती आला. म्हणजे थावरानं खरं बोलून फकीरचं काही वाचवलं नाही. फकीरची बायको अमीरबी जिनाच्या फाटकात येऊन थावराला बोल बोल बोलली. फकीर तसा बोलला नाही. बाजारात एकदा समोर आला तेव्हा एवढंच म्हणाला, "तुमने बोला था ना?"

"बोललो होतो, चाचा."

"वहीच. लोगां मेरेकू पागल बोलते."

इंजिन उतरवून रेल्वेनं हैदराबादला धाडायचं ठरलं. ते उतरवणं थावराच्या वाट्याला आलं. त्यानं ते कोरडं केलं, जुना मळ खरवडला, एकेक नट रॉकेलात धुऊन चिंधीत बांधला, कोणता कुठला हे कळावं म्हणून दोऱ्याला गाठी मारल्या, आणि सगळं कापसात भरून खोकं ठोकलं. दोन दिवस लागले. फुटलेल्या इंजिनाला एवढं कशाला, असं इस्माईल म्हणाला. थावरा म्हणाला, "अर्धं काम मला जमत न्हाई." मग त्याचा हात दोऱ्याच्या गाठीवर थांबला. फकीरशी बोलणं मात्र अर्धंच झालं होतं, हे त्याच्या ध्यानात आलं असावं.

शेटनं खोकं उघडून बघितलं. गाठी बघितल्या. "असं काम जिल्ह्यात दुसरा कोण करील?" ते म्हणाले. "तू क्लिनरच बरा, थावऱ्या."

ती शाबासकी होती. थावराला ती जन्मभर पुरली.

इंजिन सांधून आलं, पण लॉरी आली नाही. लढाई लागली. पेट्रोल कुपनावर गेलं. मोटरीच्या मागं कोळशाची भट्टी बसवली आणि तिच्या धुरावर मोटर रडत रडत चालू लागली. भट्टीची राख, नळ्यांतलं डांबर, गाळणीतली काजळी, सगळं रोज काढावं लागे. भट्टी निवायच्या आत झाकण उघडलं तर ज्वाळ तोंडावर येते, म्हणून थावरा तिथंही बसून राही. बाकी काम मात्र बसून होत नव्हतं. त्याला खोकला लागला तो तेव्हाचा. रात्री मंजुळाबाई पाठीला तेल लावी आणि थुंकी काळी पडते का ते बघे. हॉर्नची गोष्ट तिनं परत काढली नाही.

त्यानं चिठ्ठी तीनदा मागितली. एकेचाळीसला शेट म्हणाले, "लढाई सरू दे." चव्वेचाळीसला म्हणाले, "इस्माईल हाय ना, तुला काय घाई?" शेहेचाळीसला म्हणाले, "तू चाकावर बसलास तर इंजन कोण बघणार?" तिसरं उत्तर खरं होतं. काम वाईट केलं असतं तर शेटनं त्याला कधीच हलवला असता, वर नाहीतर बाहेर.

लढाई सरल्यावर भट्टी निघाली. मग अठ्ठेचाळीस साल आलं. पावसाळा तोंडावर होता. रझाकारांच्या बातम्या रोज येत. ज्यांना झेपत होतं ते हद्दीपलीकडं, वऱ्हाडात, वाशीमकडं निघून चालले होते. एका पहाटे शेट स्वतः शेडमध्ये आले. त्यांच्या डोक्यावर टोपी नव्हती.

"थावरा, गाडी काढ. बायका-लेकरं वाशीमला पोचवायची."

सतरा वर्षांत शेट पहिल्यांदा "थावरा" म्हणाले होते. त्यानं ते ऐकलं.

"इस्माईलभाईला उठवतो."

"नको. त्याला कळू द्यायचं न्हाई."

"काहून?"

"काहून काय? दिवस कसले हायेत? तू चालव."

"सोळा वर्षं त्यो तुमची लेकरं नेऊन ऱ्हायला, शेटजी."

"आता नेणार न्हाई. तू चालवणार का न्हाई, ते सांग."

"माझ्यापाशी लायसन न्हाई."

"आता कोण लायसन बघतंय!"

थावरा क्षणभर चाकाकडं बघत उभा राहिला. मग त्यानं पाणी बघितलं, तेल बघितलं, हँडल मारलं. त्याला चाक मिळालं, ते इस्माईल मुसलमान आहे म्हणून. तो चांगला चालवतो म्हणून नाही. पण मागं बायका रडत होत्या, लेकरं होती, आणि त्यांचा काही गुन्हा नव्हता. तो बसला. शेट शेजारी बसले.

कनेरगावच्या नाक्यापर्यंत सडक खराब होती. त्यानं एकही धक्का बसू दिला नाही. बैलगाड्यांच्या रांगा, डोक्यावर गाठोडी घेतलेली माणसं, एक आडवी झालेली म्हैस, सगळ्यांमधून त्यानं मोटर अशी काढली की मागच्या लेकराला झोप लागली. हद्द ओलांडली तेव्हा शेटनी हात जोडले. ते देवाला जोडले होते.

वाशीमला शेटच्या साडूचं घर होतं. साडू बाहेर आले, सामान उतरवलं. "ड्रायव्हर कुठाय?" त्यांनी विचारलं. "त्याला चहा द्या."

"ड्रायव्हर न्हाई आणला," शेट म्हणाले. जीव वाचल्यामुळं ते आता हसत होते. "क्लिनरनंच आणली ढकलत ढकलत."

साडूही हसले. मग शेट वळून म्हणाले, "थावऱ्या, बानेट उघड. धुळीनं भरलीय. नीट पुसून घे."

थावरानं किल्ली पुढच्या सीटवर ठेवली. खिशात रद्दी कापसाचे बोळे होते, तेही काढून शेजारी ठेवले, पाच होते. चहा तसाच ठेवून तो फाटकाबाहेर पडला. शेटना वाटलं, लघवीला गेला असेल.

तो चालत परत आला. अडीच दिवस लागले, कारण खोकल्यामुळं सारखं बसावं लागे. येणारी माणसं त्याला म्हणत, "अरे, उलटा कुठं चाललास?" मंजुळाबाई हिंगोलीत होती, आणि इस्माईलही होता.

शेडचं दार उघडं होतं. इस्माईल रिकाम्या जागेसमोर खोक्यावर बसला होता. तेलाचे डाग होते तिथं तो बघत होता. थावरा आत आला, तरी त्यानं मान वर केली नाही.

"कहां तक ले गया?"

"वाशीम."

"मेरेकू बोलता तो मैं बी ले जाता था."

"ठावं हाय."

"तूने मेरा नाम बोला शेटकू?"

"बोललो."

इस्माईलनं मान हलवली. बाहेर कुणाची तरी गाडी भरत होती, बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. "कनेरगावके पास रस्ता खराब है. कौनसा गियर डाल्या?"

"दुसरा. नाक्यापत्तुर दुसराच."

"बराबर." मग तो म्हणाला, "पुसली?"

"न्हाई."

इस्माईलनं मान वर करून त्याच्याकडं बघितलं. थावरा भिंतीला टेकून खाली बसला आणि पाय पुढं पसरले. टाचा फुटल्या होत्या. इस्माईल उठला, कोपऱ्यातल्या मडक्यातून तांब्याभर पाणी काढलं आणि त्याच्यासमोर आणून ठेवलं.